हेडलाइटचा एक कान : ताशी दहा किलोमीटरच्या धडकेचा हिशोब

जानेवारी २०२५ मधली गोष्ट. सकाळचे सव्वानऊ. पुण्यात कोथरूडहून भोसरीला कामावर निघालो होतो. चांदणी चौकाच्या अलीकडे गाड्यांची नेहमीची रांग, माझ्या पुढे एक छोटा टेम्पो, त्यात फ्लॉवरची पोती. रांग हलली, टेम्पो हलला, मीही ब्रेकवरचा पाय काढला. टेम्पो पुन्हा थांबला, मी मात्र थांबलो नाही. मागून उगाच हॉर्न बडवणाऱ्याकडे मी आरशात बघत होतो. वेग असेल ताशी दहा, फार तर बारा किलोमीटर. शेजारच्या सीटवरची पाण्याची बाटली खाली पडली, एवढाच काय तो गाडीच्या आतला अपघात.

टेम्पोवाला उतरला, मागचा लोखंडी फाळका हाताने हलवून पाहिला. "माझं काय नाय झालं साहेब, तुमचं बघा," म्हणाला आणि रांग सुटायच्या आत निघूनही गेला.

माझं बघितलं. उजव्या कोपऱ्यात बंपर फेंडरपासून, म्हणजे पुढच्या चाकावरच्या पत्र्यापासून, सुटून लोंबत होता. ग्रिलची दोन पाती तुटली होती. फेंडरच्या पुढच्या कडेला घडी पडली होती, बॉनेटच्या तोंडाशी तळहाताएवढा पोचा आला होता. उजवा हेडलाइट बोटभर आत गेला होता, पण काचेला चरा नाही आणि दिवा लागत होता. चूक सर्वस्वी माझी, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढच्या हिशोबात 'समोरच्याकडून वसूल का नाही केलं?' हा प्रश्न उरत नाही.

तसाही त्या प्रश्नात फारसा दम नाही. चूक समोरच्याची असती तरी कायद्याने त्याच्या थर्ड पार्टी विम्यातून बंपरचे पैसे मागायचे तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करावा लागतो. खासगी मोटारीच्या थर्ड पार्टी विम्यात दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी साडेसात लाखांपर्यंतची तरतूद असते, पण वीसपंचवीस हजारांसाठी वकील लावून तारखा घेणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. लोक रस्त्यावरच दोन-तीन हजारांवर तोडपाणी करतात, नाहीतर स्वतःच्या विम्यातून भागवतात.

गाडी चार वर्षं दोन महिन्यांची. ११९७ सीसी, पेट्रोल, एलईडी दिवे असलेलं वरचं मॉडेल. घेताना त्या दिव्यांचं फार कौतुक होतं.

सत्तर हजार

अधिकृत सर्व्हिस सेंटरला गाडी नेली. तिथला सल्लागार मुलगा चुणचुणीत होता. गाडीभोवती एक फेरी, टॅबवर पंधरा-सोळा फोटो, "सर, तुम्ही बसा, चहा सांगतो." पाऊण तासाने एस्टिमेट हातात दिलं. ७०,९८६ रुपये. खाली बारीक अक्षरात : उघडल्यावर आणखी काही निघाल्यास रक्कम वाढू शकते.

घरी फोन केला. "अहो, दिवाळीला आपल्या अख्ख्या फ्लॅटचा रंग याच्यापेक्षा कमीत झाला," बायको म्हणाली. तुलना चुकीची होती, पण त्या क्षणी मलाही पटली.

मी पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात खरेदी विभागात आहे. बावीस वर्षं दुसऱ्यांची कोटेशनं सुटी करून बघण्यात गेली. हेही केलं. सुट्या भागांचे ३८,८९० रुपये, त्यात जीएसटी आलाच. मजुरी आणि रंग मिळून २७,२००, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३२,०९६.

सुट्या भागांत लोक ज्याच्या नावाने बोटं मोडतात तो बंपर होता अवघा ४,८५० रुपयांचा. फेंडर ३,६५०. ग्रिल ३,९००. रेडिएटर आणि दिवे ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला अडकतात ती चौकट २,७५०. चाकावरचं अस्तर ९८०, बंपरचा आधार ४२०, आणि नुसत्या क्लिपा ६४०. हे सगळं एका बाजूला आणि हेडलाइट एकटा दुसऱ्या बाजूला : २१,७००. निम्म्याहून जास्त.

मी विचारलं, "दिवा लागतोय की. काच फुटली नाही. बदलायचा कशाला?"

"सर, माउंटिंग तुटलंय. कान गेलाय."

दिव्याच्या मागच्या डब्याला तीन कान असतात. त्यांतून स्क्रू जाऊन दिवा चौकटीला बसतो. त्यातला वरचा बाहेरचा कान मोडला होता. बंपर सैल करून उचलला तेव्हा तो तुकडा टपकन खाली पडला. सुपारीपेक्षा जरा मोठा, काळा, मध्ये भोक. मी तो उचलून खिशात टाकला. पुढे त्याचं महत्त्व कळलं, तेव्हा फक्त राग म्हणून टाकला होता.

"एवढा कान वेगळा मिळत नाही?"

"नाही सर. असेंब्लीच येते."

आमच्या धंद्यात हा शब्द रोजचा. पंपाचं सील गेलं तर सील मिळतं, चाळीस-पन्नास रुपयांना. सील पाहिजे तर पंप घ्या असं आम्ही गिऱ्हाइकाला सांगितलं, तर तो दुसऱ्या दिवशी दुसऱ्याकडे जाईल. मोटारीच्या दिव्यात कारखान्याला सुटे भाग पुरवणारे अनेक असतात, कोणी भिंग देतो, कोणी एलईडीचं सर्किट, कोणी मागचा डबा. पण बाजारात येताना सगळं चिकटवून, सीलबंद करून, एका क्रमांकाखाली येतं. तुटतो कान, विकत घ्यावं लागतं डोकं. काही युरोपीय गाड्यांना कंपनीच दिव्याच्या कानाचं दुरुस्तीचं किट देते, म्हणजे हे अशक्य आहे असं नाही. माझ्या गाडीला ते नव्हतं.

आणखी एक गंमत. त्याच यादीत, त्याच गाडीच्या खालच्या मॉडेलचा साधा हॅलोजन दिवा ६,४०० रुपयांना होता. गाडी घेताना शोरूममध्ये मायलेज विचारतो, सीट मागेपुढे करून बघतो. हेडलाइट केवढ्याला पडेल हे मी तरी विचारलं नव्हतं. ज्यांच्या गाडीला पुढच्या बाजूस रडार आहे त्यांनी तर विचारावंच. तिथे भाग बदलल्यावर रडार पुन्हा जुळवून घ्यायची मजुरी वेगळी लागते.

बंपरने काय केलं

माझा समज होता की बंपर धक्का खायला असतो. जो दिसतो तो खात नाही. ते नुसतं प्लॅस्टिकचं साल. खरा बंपर त्याच्या मागे, पोलादाची आडवी पट्टी. दोन मोटारी समोरासमोर किंवा मागून टेकल्या तर त्या पट्ट्या साधारण एकाच उंचीवर येतात आणि दिवे-बिवे वाचतात. टेम्पोचा मागचा फाळका त्या पट्टीच्या वरून आला. पट्टीला ओरखडासुद्धा नव्हता. सगळा धक्का खाल्ला तो ग्रिल, दिवा आणि बॉनेटच्या तोंडाने, म्हणजे गाडीतल्या सगळ्यात नाजूक आणि महाग माणसांनी.

अमेरिकेत सत्तरच्या दशकात असा नियम होता की ताशी पाच मैलांच्या धडकेत मोटारीला इजा होता कामा नये. त्या काळातल्या गाड्यांना पुढे-मागे लोखंडी ओटे असायचे ते त्यामुळेच. १९८२ मध्ये ती मर्यादा अडीच मैलांवर आणली. दिसायला सुंदर आणि वजनाला हलक्या गाड्या हव्या असतील तर किंमत कुठेतरी मोजावी लागतेच. मी चांदणी चौकात मोजली.

कान मोडला याबद्दल मात्र कंपनीला दोष देता येत नाही. कान मोडला म्हणून दिवा मागे सरकला, आणि मागे सरकला म्हणून त्याचं तोंड फुटलं नाही. माझी तक्रार कानाच्या मोडण्याबद्दल नाही, तो न विकण्याबद्दल आहे.

रंग

रंगाचे २०,६०० रुपये बघून पहिला संशय लुबाडणुकीचाच येतो. फेंडरवरची घडी वीतभर, रंग पूर्ण फेंडरचा. पण इथे मला माघार घ्यावी लागली. मेटॅलिक रंगाच्या वर पारदर्शक लेप असतो, त्याला पॅनेलच्या मधोमध सांधा करता येत नाही, केला तर काही महिन्यांत तिथे रेघ उमटते. म्हणून लेप पॅनेलच्या या काठापासून त्या काठापर्यंत. पत्रा बाहेर काढा, घासा, लांबी (पुटी) भरा, पुन्हा घासा, प्रायमर, पुन्हा पाणी मारून घासा, रंग, लेप, बूथमध्ये भाजा, पॉलिश. ओरखडा दोन इंचांचा असो नाहीतर दोन फुटांचा, घासणाऱ्याचा दिवस तेवढाच जातो. म्हणून दर पॅनेलमागे असतो.

एस्टिमेटमध्ये बंपरच्या रंगाचे ४,६००, फेंडरचे ४,४००, बॉनेटचे ७,२००. आणि ज्याला काहीच झालं नव्हतं त्या उजव्या दाराच्या रंगाचे ४,४००. विचारल्यावर उत्तर : "शेड जुळवायला, सर." निळ्या मेटॅलिकमधले चमकीचे कण कारखान्यात एका पद्धतीने बसतात, गनने मारताना दुसऱ्या. चार वर्षं उन्हात उभ्या राहिलेल्या दाराशेजारी नवा फेंडर उठून दिसतो, म्हणून रंग दारावर हलकेच विरवत नेतात. कारण खरं आहे. गरज किती, हे डोळ्यांवर अवलंबून.

"तुमच्या खिशातून काहीच जाणार नाही"

हे वाक्य सल्लागाराने तीनदा म्हटलं. क्लेम टाका, सर. आणि मागच्या बंपरवरचा जुना ओरखडाही त्यातच 'बसवून' देतो. मागून धडक बसलीच नव्हती. एका क्लेममध्ये दोन अपघात घुसवायची ही चाल इतकी सर्रास चालते की सांगणाऱ्याला ती लबाडी वाटत नाही, ऐकणाऱ्याला सवलत वाटते. मी नको म्हटलं. सज्जनपणाचा आव आणत नाही. विमा कंपनीला खोटं सांगितलं आणि उघडकीला आलं, तर पूर्ण क्लेमच उडतो, ही भीती जास्त होती.

आमच्या सोसायटीत विमा कंपन्यांसाठी नुकसान मोजणारे एक निवृत्त सर्व्हेअर राहतात. आयुष्यभर चेपलेल्या गाड्या मोजल्या. एस्टिमेट घेऊन त्यांच्याकडे गेलो.

"झिरो डेप आहे का?"

झिरो डेप म्हणजे घसारा न कापता भागांचे पैसे देणारा जादा विमा. "नाही काका. या वर्षी काढून टाकलं."

"किती वाचवलेत?"

"दोन हजार सहाशे."

काकांनी चष्म्यावरून पाहिलं, पुढे बोलले नाहीत. कागद उलटा केला आणि पेन घेतलं.

मोटार विम्यात घसाऱ्याचं जे कोष्टक आजही चालतं, ते मुळात २००२ च्या भारतीय मोटार दरपत्रकातलं. स्वतःच्या नुकसानीच्या विम्याचे दर पुढे २००७ मध्ये मोकळे झाले, कोष्टक तसंच राहिलं. प्लॅस्टिक, रबर, नायलॉनच्या भागांवर सरसकट ५० टक्के घसारा, गाडी कालची असली तरी. पत्र्याच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे. चार ते पाच वर्षांच्या गाडीला ३५ टक्के. काचेवर शून्य.

"तुमचा दिवा काचेचा असता तर पूर्ण पैसे मिळाले असते," काका म्हणाले. "फियाट-अँबॅसॅडरचे दिवे काचेचे होते. आता पुढचं तोंडसुद्धा प्लॅस्टिकचं. निम्मे गेले."

मग त्यांनी ओळीओळीने कापायला सुरुवात केली. हाताचा वेग बघण्यासारखा. प्लॅस्टिकचे भाग दिव्यासकट ३४,६०० रुपयांचे, मिळणार १७,३००. फेंडरचे ३,६५० मधले २,३७२. क्लिपा गेल्या, त्या किरकोळ खपाच्या वस्तूंत धरतात. दाराचा रंग गेला : "दाराला धक्का लागलेला नाही, मी असतो तरी कापला असता." उरलेल्या १६,२०० रुपयांच्या रंगात एक चतुर्थांश हिस्सा सामानाचा धरतात आणि त्याच्या निम्मा घसारा, म्हणजे २,०२५ वजा. मजुरी पूर्ण, तिच्यावरचा जीएसटीही मिळेल. शेवटी सक्तीची वजावट, पंधराशे सीसीपर्यंतच्या गाडीला हजार रुपये.

विमा कंपनी देणार ४३,१८७. मी देणार २७,७९९.

"हे झालं आजचं. आता बोनस," काका म्हणाले. मला चौथ्या वर्षानंतरचा ४५ टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, चालू होता, नोव्हेंबरमध्ये ५० झाला असता. क्लेम घेतला की शून्य, मग पुन्हा २०, २५, ३५, ४५ अशी शिडी चढायची. हा बोनस फक्त स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर मिळतो, थर्ड पार्टीच्या ३,४१६ रुपयांवर नाही. माझा तो हप्ता बोनसशिवाय सुमारे ९,००० धरला, तर पाच वर्षांत मिळून ११,२५० रुपये जास्त भरावे लागले असते. गाडी जुनी होईल तसा हप्ता उतरेल, म्हणून काका म्हणाले आठ-दहा हजार धरा.

म्हणजे काहीच न जाणाऱ्या खिशातून छत्तीस-सदतीस हजार जाणार होते, त्यातले काही हप्त्याहप्त्याने, कळू न देता. झिरो डेप असतं तर माझ्या वाट्याला सातएक हजार आले असते. दोन हजार सहाशे वाचवल्याचा आनंद मी नोव्हेंबरात बायकोला सांगितला होता, हे इथे नोंदवून ठेवतो.

या सगळ्यात एक गोष्ट मला खटकत राहिली. सर्व्हिस सेंटरला भाग बदलण्यात कमाई आहे आणि नवा भाग बसवला की कटकट संपते. विमा असलेल्या गिऱ्हाइकाला वाटतं नवं मिळतंय तर नवं घेऊ. सर्व्हेअर दर कापतो, पण मोडलेला कान जोडता येईल का, हे बघणं कोणाचंच काम नाही. त्या खोलीत २१,७०० रुपयांच्या दिव्याचा कैवार घेणारा कोणी नव्हता.

नाना पेठ आणि वारजे

सर्व्हिस सेंटरमधून गाडी बाहेर काढायला एस्टिमेटचे ५९० रुपये भरले. मग शनिवारी नाना पेठेत, सुट्या भागांच्या बाजारात गेलो. ग्रिल, चौकट आणि बंपरचा आधार हे तीन भाग कंपनीच्या खोक्यातले मिळाले, छापील किमतीला, एक पैसा कमी नाही. ७,०७० रुपये. दुकानदाराने 'लोकल' बंपरही काढून दाखवला, १,९०० चा. फेंडरशी जुळणाऱ्या कडेला मधे करंगळी जाईल एवढी फट राहील, हे त्याने स्वतःच सांगितलं. हेडलाइट मात्र लोकलमध्ये नव्हताच. वापरलेला एक मुंबईहून मागवून देतो म्हणाला, नऊ हजारांत. कुठल्या गाडीतून निघालेला, हे त्याला माहीत नव्हतं किंवा सांगायचं नव्हतं. मी सोडून दिला.

कंपनीचे भाग बाहेरच्या दुकानात मिळतात हेही गृहीत धरण्यासारखं नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींहून जास्त दंड ठोठावला होता तो याच कारणासाठी : सुटे भाग आणि तपासणीची उपकरणं स्वतंत्र गॅरेजांना मिळू न देणं. बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असंही त्या आदेशात होतं. कंपन्या अपिलात गेल्या, ते वेगळं प्रकरण. पण सर्व्हिस सेंटरमध्ये आजही 'बाहेर केलंत तर वॉरंटीचं आम्ही सांगू शकत नाही' हे वाक्य धमकी आणि काळजी यांच्या बरोब्बर मधल्या सुरात ऐकू येतं.

वारज्याला पत्र्याच्या शेडमध्ये एक डेंटर आहेत, मित्राने पाठवलं. पन्नाशीचे, कमी बोलणारे. गाडीभोवती फिरले नाहीत, सरळ उजव्या दिव्यापाशी उकिडवे बसले, आत बॅटरी मारली.

"कान सापडला का?"

मी खिशातला तुकडा काढून दिला. त्या माणसाचा चेहरा उजळला असं म्हणणं अतिशयोक्तीचं होईल, पण त्यांनी तो दोन बोटांत धरून तुटलेल्या जागी लावून पाहिला आणि तो चपखल बसला तेव्हा मान हलवली. "कान असला की निम्मं काम झालं. नसला तर दुसऱ्या प्लॅस्टिकचा घडवावा लागतो, मग दिवा एक दोरा वर-खाली होतोच."

मी म्हटलं, चांगला डिंक आहे माझ्याकडे, एपॉक्सी. ते हसले. दिवा बाहेर काढून उलटा केला आणि डब्याच्या मागे ठसवलेली दोन अक्षरं दाखवली : पीपी. पॉलिप्रॉपिलीन. याला डिंक धरत नाही, आज चिकटेल, पहिल्या खड्ड्यात सुटेल. हे वितळवूनच जोडायचं. बंपरच्या आतल्या बाजूलाही तोच ठसा होता.

मग जे केलं ते मी स्टुलावर बसून पाहिलं. कान जागेवर धरून चार ठिकाणी टाके घेतले. नागमोडी तारेचे छोटे तुकडे तापवून, लाल झाले की प्लॅस्टिकमध्ये रुतवायचे, थंड झाले की वरची टोकं कापायची. जळक्या प्लॅस्टिकचा वास, बारीक धूर. तारांवर त्याच जातीच्या प्लॅस्टिकची कांडी वितळवून थर दिला, उलट बाजूनेही दिला, मग कानशीने घासला. मधलं भोक बुजत आलं होतं, ते ड्रिलने मोकळं केलं. चाळीस मिनिटं. १,२०० रुपये.

फेंडर बदलला नाही. तो बोल्टवर असतो, काढून मांडीवर घेऊन मागून डॉलीचा, म्हणजे लोखंडी ठोकळ्याचा, आधार देत पुढून हातोडीने हलके हलके उतरवला. "पुढून ठोकलीत ते बरं केलंत, दादा," ते मधेच म्हणाले. मागच्या चाकावरचा पत्रा गाडीच्या सांगाड्याला वेल्डिंगने जोडलेला असतो. तो जास्त गेला तर कापावा लागतो आणि कापलेली गाडी विकताना समोरचा लगेच ओळखतो.

बंपर जोडून रंगवण्याचे ४,५००, फेंडरचे ४,०००, बॉनेटचे ५,०००, क्लिपा ३००, खोलणं-बसवणं १,८००. चाकावरचं अस्तर जुनंच पुन्हा लावलं. दाराला हात लावला नाही, मीच नको म्हटलं. सामान धरून २३,८७०, एस्टिमेटचे ५९० धरून २४,४६०. पाच दिवस. पक्कं बिल नाही, वहीच्या पानावर हिशोब. काही बिघडलं तर दाद मागायला त्या पानाचा उपयोग शून्य, हे मला माहीत होतं.

क्लेम घेऊन माझे २७,७९९ गेले असते, न घेता २४,४६० गेले. बोनस शाबूत. पण दोन्हीकडे वस्तू एकच मिळाली असं म्हणणं लबाडीचं होईल. तिकडे नवा दिवा, नवा बंपर, नवा फेंडर, सहा महिन्यांची रंगाची हमी. इकडे जोडलेला दिवा, सांधलेला बंपर, ठोकलेला फेंडर. तीन हजार जास्त देऊन आणि बोनस सोडून कोणी तिकडे गेलं तर मी त्याला वेडा म्हणणार नाही.

पावसाळ्यानंतर

संध्याकाळी पाचच्या तिरप्या उन्हात फेंडर आणि दार यांच्या निळ्यात फरक दिसतो. मला दिसतो, बायकोला दाखवावा लागतो. दाराचे ४,४०० वाचले त्याचा हा मोबदला. जुलैत उजव्या दिव्याच्या खालच्या कोपऱ्यात दोनदा धुकं धरलं आणि दिवा लावल्यावर अर्ध्या तासात गेलं. ते कानामुळे की धडकेत सील हललं म्हणून, हे डेंटरनाही सांगता आलं नाही. झोत सुरुवातीला जरा खाली पडत होता, भिंतीसमोर गाडी लावून त्यांनी तो उचलून दिला, पैसे घेतले नाहीत.

२२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारीच्या बहुतेक सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला.  दिव्याची असेंब्लीच येते, हे मात्र तसंच आहे.

नोव्हेंबरमध्ये विम्याचं नूतनीकरण केलं. बोनस ५० टक्के लागला. झिरो डेप पुन्हा मागितलं, तर गाडीला पाच वर्षं झाली म्हणून एका कंपनीने नाही म्हटलं, दुसरी २,९०० जास्त घेऊन तयार झाली, पण मधे एक वर्ष खंड पडला म्हणून गाडी तपासावी लागेल म्हणाली. रविवारी सकाळी एक मुलगा मोबाइल घेऊन आला. चारी बाजूंनी फोटो काढले. उजव्या फेंडरपाशी थांबला, वाकून दाराकडे आणि फेंडरकडे आळीपाळीने पाहिलं. मग हेडलाइटवर टिचकी मारली, दोन्ही हातांनी धरून हलवून पाहिला.

हलला नाही. अहवालात लिहिलं : पुढची बाजू ठीक.